समुद्र न बघता गोव्यात पाच दिवस

परत आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलेला पहिला फोटो एका लाकडी दाराचा होता. खाडीच्या चिखलात उभं, खालून शेवाळलेलं, जाडजूड फळ्यांचं दार. "गोव्याला जाऊन हे काय?" मिनिटभरात प्रश्न आला. समुद्राचा फोटो माझ्याकडे नाहीच, कारण पाच दिवसांत आम्ही समुद्र पाहिला नाही. मांडवी पाहिली, पण ती नदी. पाणी खारट लागलं म्हणून नदीचा समुद्र होत नाही, असं सासूबाईंचं म्हणणं.

तर झालं असं. ठाण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी आम्ही भाजीचे वाफे केले. सुरुवातीला पंधरा घरं होती, आता चार उरलीत. माती आहे, ऊन आहे, बियाणं आहे; माणसं गळाली. मे महिन्यात सगळे गावाला गेले आणि पाणी घालायचं कोणी हे न ठरल्यामुळे वाफे वाळले. खताच्या पिंपाच्या वासावरून सभेत जे झालं ते इथे लिहीत नाही. नेमक्या त्याच सुमारास आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) जाहीर केलं की यंदाची चवथ माहेरी करायची, फोंड्याला, बारा वर्षांनी. सोबत मी. मग मी बेत केला की चार दिवस आधी निघायचं आणि गोव्यात शहराला खेटून जी शेती अजून टिकून आहे ती बघायची. आमच्याकडेही गणपती असतो, म्हणून मला २६ ऑगस्टच्या सकाळी घरी हजर व्हायचं होतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट: ताळगाव

गाडी दोन तास उशिरा करमळीला पोचली आणि आमची कणसाची मिरवणूक हुकली. पणजीला लागून असलेल्या ताळगावात दरवर्षी २१ ऑगस्टला 'कोणसाचें फेस्त' असतं. शेतातली पहिली कणसं कापायची, पाद्री त्यांना आशीर्वाद देतो, मग घरोघर वाटायची. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा बँडवाले वाद्यं पेट्यांत भरत होते आणि लोक हातात हिरव्या ओंब्यांची जुडी घेऊन घराकडे निघाले होते. एका बाईंनी आईंच्या हातात दोन ओंब्या ठेवल्या. आईंनी त्या कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधल्या. आपल्याकडे ऋषिपंचमीला नवं बांधतात तेच हे, आठवडाभर आधी आणि चर्चच्या दारात. ताळगावची कणसं २४ तारखेला जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रललाही नेतात. गोव्यात पहिली कापणी मात्र राय या गावाचा मान, ५ ऑगस्टला.

माझ्या मामेनणंदेचा फ्लॅट ताळगावातच आहे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडे टॉवर दिसतात आणि खाली, थेट कंपाउंडच्या भिंतीला लागून, भातशेत. शेत कोणाचं विचारलं तर उत्तर एका वाक्यात मिळत नाही. गोव्यात गावाची जमीन पूर्वापार गावकऱ्यांची, सामाईक. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं आणि तिचा शेवटचा कायदा केला १९६१ साली, स्वतः जायच्या काही महिने आधी. त्यावर १९६४चा कूळ कायदा आला. त्यामुळे एकाच शेताला मालक गाव, कसणारं कूळ आणि भोवती डोळा ठेवून असलेले बिल्डर असे तीन पदर आहेत. 'कन्व्हर्ट' हा शब्द इथे रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. जमीन कन्व्हर्ट झाली, म्हणजे शेतीची वसाहतीत गेली. २०२३च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला मज्जाव केला. दुसरीकडे नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) या कलमाने आराखड्यातली 'चूक दुरुस्त' करून विभाग बदलायची वाट उघडली होती. तिचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. मामेनणंद म्हणाली, "आमच्याकडे गणपतीच्या आरत्यांइतकी कलमं पाठ असतात लोकांना."

दुपारी पाऊस असा काही कोसळला की समोरचे टॉवर दिसेनासे झाले. शेत मात्र भरत गेलं, भरत गेलं आणि बांधाच्या वर चार बोटं जागा राखून थांबलं. मी तिथेच खिडकीत बसून हिशेब केला. एक हेक्टर भातशेतात दहा सेंटीमीटर पाणी उभं राहिलं तर ते हजार घनमीटर होतं, म्हणजे दहा लाख लिटर. दहा हजारी टँकर धरले तर शंभर टँकर. हे शंभर टँकर शेतात थांबले नाहीत तर सांत इनेजच्या नाल्याने पणजीत उतरणार, कारण नाला इथूनच जातो. शहराच्या नकाशात शेत नुसतं हिरवं रंगवलेलं असतं. ते पाण्याची टाकी आहे हे रंगावरून कळत नाही.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर कॉलनीतली बाग पाहिली. ले-आउटमध्ये सोडलेली मोकळी जागा, आठ वर्षं तिथे नुसता राडारोडा पडून होता. आता चिऱ्याच्या दगडांनी बांधलेले बावीस वाफे आहेत, जमिनीपासून चांगले फूटभर उंच. उंची महत्त्वाची. वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो तिथे सपाट वाफा म्हणजे मुळं कुजवायचं भांडं. माती जांभ्याची, आम्लधर्मी, म्हणून पावसाळा संपला की चुना टाकतात. भेंडी, दोडकी, वाल, तांबडी भाजी आणि कडेने हळद. हळदीची पानं चवथीत पातोळ्यांना लागतात, त्यामुळे त्या वाफ्यावर सगळ्यांचा डोळा.

मला बघायचा होता तो खताचा कोपरा. चिऱ्याचे तीन कप्पे: एक भरायचा, एक मुरायचा, एक उपसायचा. वास? मी अक्षरशः नाक घालून पाहिलं; ओल्या पालापाचोळ्याचा, जंगलात येतो तसा. गुपित काही नाही. एक बादली ओल्या कचऱ्यावर तीन बादल्या सुका पाला, आणि सुका पाला मार्चमध्येच गोणींत भरून शेडखाली ठेवलेला. आम्ही ठाण्यात तो झाडून महापालिकेच्या गाडीत टाकतो आणि पावसाळ्यात नुसत्या भाजीच्या देठांनी पिंप भरतो. वास का येतो यावर सभेत दोन तास भांडलो होतो.

दारावर एक फळा होता. त्यावर वाफ्यांची नावं नव्हती, आठवड्याची पाळी होती: पाणी, गोगलगाई, खत उलटणं, कुलूप. पाळी चुकली की पन्नास रुपये आणि पुढच्या वाटपात शेवटचा नंबर. 'गोगलगाई' बघून मला हसू आलं, पण पावसाळ्यात ते खरंच रोजचं काम आहे. रात्री ओलं गोणपाट पसरून ठेवायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करायच्या. मीठ टाकू नका, गोगलगाय मरते पण वाफाही नासतो. मामेनणंदेचा या कामातला विक्रम एका सकाळी सव्वाशे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट: म्हापसा

म्हापशाचा बाजार शुक्रवारचाच बघावा आणि नऊच्या आत पोचावं. दहानंतर गर्दीत फक्त पाठी दिसतात. पिशवी आपली न्या आणि सुटे पैसे ठेवा. आतल्या दुकानांत मोबाइलने पैसे चालतात, पण बाहेर जमिनीवर बसलेल्या बायकांकडे नेटवर्क कधी असतं, कधी नसतं.

खरा माल बाहेरच असतो. पोरसांतला. पोरसूं म्हणजे परसबाग, पण आपल्याकडे परसबाग ही हौस झाली आहे आणि इथे अजून ते घरखर्चातलं एक खातं आहे. पाच भेंड्या, दोन पडवळं, चार अंडी आणि अळूची जुडी एवढाच माल घेऊन बसलेली आजी मी पाहिली. साडेदहाला तिचं सगळं खपलं आणि त्या पैशांचे बांगडे घेऊन ती बसला निघाली. तवशी (आपल्या काकडीची धिप्पाड मावशी), चिबूड, फागलां म्हणजे कंटोळी, मयड्याची लांबलचक केळी, हरमलची मिरची. आणि सात शिरांची भेंडी, जिला जीआय मानांकन मिळालंय. नेहमीच्या भेंडीला पाच शिरा असतात. ही फिकट, जाड, बोटभर नव्हे वीतभर, आणि तरी कोवळी. मी शिरा मोजत बसले तर भाजीवाली म्हणाली, "मेजून घेतात काय गो बाय? सात आसात, भिवूं नाका."

आता थोडं न आवडणारं. बाजारातली बहुतेक भाजी गोव्यातली नाही. टोमॅटो, कोबी, गाजर, बटाटा, कोथिंबीर सगळं घाट उतरून बेळगावकडून येतं. फलोत्पादन महामंडळाच्या सवलतीच्या भाजी गाड्यांवरही स्थानिक शेतकऱ्यांच्या मालासोबत मोठा वाटा घाटावरचाच. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा भाजी तुटली, आणि मामेनणंदेच्या कॉलनीला राडारोड्याखालची जमीन तेव्हा दिसली. सोव्हिएत मदत आटल्यावर क्युबाच्या हवानात मोकळ्या भूखंडांवर भाजी उगवली, हे उदाहरण शहरी शेतीच्या प्रत्येक भाषणात असतं. इथे तेवढं मोठं काही घडलं नाही. टाळेबंदी उठली, टोमॅटोचे ट्रक आले आणि कॉलनीतली अर्धी घरं गळाली. उरलेल्यांनी मग फळा आणला.

परतताना टपरीवर पातळ भाजी आणि उंडे (गोव्याचे गोल पाव) खाल्ले. आईंनी तिसरा उंडा सांगितला तेव्हा मी डॉक्टरांचं नाव काढलं. त्यांनी ऐकलं नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट: दिवाडी

आमचा दिवस चुकला म्हणा किंवा साधला म्हणा. दिवाडी बेटावर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां असतं, हे आम्हाला जुन्या गोव्याच्या फेरी धक्क्यावरची रांग बघून कळलं. पायी जाणाऱ्याला फेरी फुकट, पण त्या दिवशी फुकटातही पाऊण तास उभं राहावं लागलं. तुम्हाला शेती बघायची असेल तर हा शनिवार टाळा. गंमत बघायची असेल तर दुपारनंतर जा. आम्ही आठलाच गेलो म्हणून दोन्ही साधलं.

बोंदेरां म्हणजे बावट्यांचा उत्सव आणि त्याचं मूळ जमिनीच्या भांडणात आहे. बेटावरच्या वाड्यांमध्ये हद्दीवरून मारामाऱ्या होत, म्हणून पोर्तुगीजांनी हद्दीवर निशाणं रोवली. लोक ती पाडत. आता ते सगळं चित्ररथ आणि वेळूच्या फोटाशींवर आलंय. फोटाश म्हणजे बांबूची पिचकारीसारखी बंदूक, तिच्यातून कच्ची फळं 'फट्' करून उडतात. एक फळ माझ्या छत्रीला लागलं. सभेतली हद्दीची भांडणं दरवर्षी अशी बंदुकीने मिटवता आली तर काय बहार होईल!

आम्हाला खाजन दाखवायला मामेनणंदेच्या ऑफिसातले एक दिवाडीकर आले होते. शाळा मराठीतून झालेली, त्यामुळे बोलणं सोपं. ते आईंना 'माय' म्हणत होते आणि निसरड्या बांधावर त्यांचा हात धरून चालत होते. मी मागे, चपला हातात.

खाजन म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १७-१८ हजार हेक्टर आहे आणि बरीचशी भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली. बांधाच्या पोटात चिखल आणि पेंढा, बाहेरून चिरे, त्याच्यापुढे लाटेचा जोर मोडायला खारफुटी. आणि बांधात जागोजाग मानस.

त्या फोटोतलं दार ते हे. दगडी चौकटीत दोन लाकडी दारं, आतल्या अंगाला किंचित तिरकी मिटणारी. ना मोटार, ना चाक, ना माणूस. भरती आली की बाहेरचं पाणी रेटतं आणि दारं घट्ट बसतात. खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी दारं ढकलून बाहेर पडतं. आम्ही पोचलो तेव्हा भरती संपत आली होती. दिवाडीकर म्हणाले, "थांबा दहा मिनिटं." वीस लागली. पाणी दोन्ही बाजूंना एका रेषेत आलं, एक गवताची काडी दाराशी जागच्या जागी फिरत राहिली. मग दार कुरकुरलं. फळ्यांमध्ये बोटभर फट पडली, काडी त्या फटीतून सुटली आणि बघता बघता गढूळ पाण्याचा लोट खाडीकडे निघाला. आई म्हणाल्या, "शिकलेलं दार आहे."

दाराच्या आत पाणी खोल असतं, त्याला पोंय म्हणतात. ओहोटीच्या वेळी मानशीला जाळं लावून मासे धरतात आणि तो हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात जातो. त्या पैशातून बांध राखायचा, अशी मूळ रचना. पावसाळ्यात भात, भात निघालं की मासे आणि कोळंबी, कुठे भाजी, कुठे मिठागर. भाताची जात कोरगुट, खारं सोसणारी, उंच, लालसर दाण्याची. जुन्या गोव्यात एला इथे केंद्राची किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथे कोरगुटातून निवडून काढलेल्या गोवा धान १ आणि २ या जाती आहेत. नव्या जातीलाही आईबाप जुनेच लागले.

मग जिथे काटा रुततो ती गोष्ट. काही शेतं तणाने भरलेली होती, त्यात भात नव्हतंच. मी विचारलं. दिवाडीकरांनी हात उडवला. "पूर्वी बांधाला भोक पडलं तर घंटा व्हायची, अख्खा वाडा चिखल घेऊन धावायचा. खेकडा बोटाएवढं भोक करतो, दोन भरत्यांत ते दाराएवढं होतं." कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी कोमुनिदादीकडून कुळांच्या संघटनांकडे आली. मासळीला भाव चढला तसा काही ठिकाणी भातापेक्षा मासा फायद्याचा झाला आणि मानस भरतीतही उघडं राहू लागलं. खारं पाणी एकदा आत शिरलं की शेजाऱ्याचंही शेत गेलं. एकट्याने खाजन कसता येत नाही आणि एकट्याला ते बुडवता मात्र येतं.

पणजीहून रायबंदरला जाणारा, १६३०च्या दशकातला सुमारे तीन किलोमीटरचा सेतू अशाच खाऱ्या सखल जमिनीवरून जातो. परतताना बसमधून त्याच्या दोन्ही अंगांचं पाणी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. एरवी तिथे माझं लक्ष फोनमध्ये असतं.

एक सांगायचं राहिलं. नार्वेच्या ज्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, त्याचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं. आईंनी बेटावर उतरल्या उतरल्या हात जोडले होते, कशाला ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

रविवार, २४ ऑगस्ट: फोंडा, मामांचं कुळागर

सकाळच्या बसने फोंडा, तिथून रिक्षा. मामींनी दारातच पायांवर पाणी घातलं आणि पुढ्यात लाल उकड्या तांदळाची पेज, खोबऱ्याची कापं आणि आंब्याचं मिठाचं लोणचं आलं. बहीण-भाऊ दोघंही सत्तरीच्या पुढचे, बारा वर्षांनी समोरासमोर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "पूर्वेकडचा माड पडला की रे!"

कुळागर हे आपल्या 'फूड फॉरेस्ट'वाल्यांनी आधी बघावं. सगळ्यात वर माड, त्याखाली माडी (सुपारीला इथे माडी म्हणतात), माडीवर चढलेली मिरवेल, मग जायफळ आणि भिरंड (कोकम), त्याखाली केळ, खाली अननस, हळद, आलं. ऊन जमिनीवर येईपर्यंत पाच-सहा जणांनी आपापला वाटा काढलेला असतो. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारात (प्रयोगशील शेतकऱ्यांचा गट) लोक पानांच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडायचे; मामांचा हिशेब सोपा: "खाली बसल्यावर छत्री लागली तर माडी दाट झाली."

गोडगोड चित्र रंगवायचं नाही. पावसात माडीला कोळेरोग येतो, सुपाऱ्या कुजून गळतात, आणि त्यावर मामा बोर्डो मिश्रण फवारतात: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. "रसायन झालं ना हे?" मी म्हटलं. "मग ये आणि हाताने पूस प्रत्येक सुपारी," मामा म्हणाले. फवारायला वर चढणार कोण हा त्याहून मोठा प्रश्न. पाडेली मिळत नाही, मिळाला तर त्याची तारीख दंतवैद्यासारखी घ्यावी लागते.

पाणी व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं. मामांच्या व्हाळावर सात कुळागरं आहेत. दिवाळीनंतर पाणी उतरलं की सातही घरं मिळून माती-दगडांचा तात्पुरता बांध घालतात आणि पाटाने पाणी फिरतं. आज कोणाचं, किती वेळ, हे ठरलेलं. पाळी! मी फळ्याची गोष्ट सांगितली तर मामी हसल्या. "फळा कशाला? पाळी चुकली तर दुसऱ्या दिवशी व्हाळावर तोंड कसं दाखवायचं?" मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या की सातातली दोन घरं आता मुंबईत आणि लंडनला आहेत, त्यांच्या वाटणीचं काम रोजंदारीने करून घ्यावं लागतं आणि पैसे मागायला फोन करावा लागतो. फळा लावला तरी तो वाचणार कोण.

जेवणात खतखतं होतं, तिरफळाचा वास अंगणापर्यंत. मी भाज्या मोजल्या, तेरा भरल्या. पैकी विकतचं फक्त गाजर. रात्री तवसळी. तवसं किसून रवा, गूळ, खोबरं घालून वाफवलेली, केळीच्या पानाचा वास लागलेली. कृती मागितली तर मामी म्हणाल्या, "अंदाजाने." घ्या!

सोमवार, २५ ऑगस्ट: माटोळी बाजार आणि परत

चवथ बुधवारी, त्यामुळे फोंड्याचा माटोळी बाजार ऐन भरात. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, फुलं, पानं बांधतात, ती माटोळी. आपली फुलांची आरास असते. ही त्या मोसमात भोवतालच्या रानाने आणि पोरसाने काय दिलं त्याची नोंदवही. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, निरफणस, तोरिंगणं, आंबाडे, चिबूड हे ओळखीचे. कांगलां, घागऱ्यो, नारिंगी रंगाचं कवंडळ हे मी पहिल्यांदा पाहिलं. कवंडळ हातात घेऊन "याची भाजी कशी करतात?" असं विचारलं आणि सगळी ओळ हसली. "हें खावपाचें न्हय, माटोळेक बांदपाचें." बांधायला सुतळी नाही, केवणीच्या सालीचे दोर.

विकणाऱ्या बायका बहुतेक सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडच्या. पहाटे तीनला उठून आलेल्या. एकीने सांगितलं की पूर्वी घराच्या मागच्या डोंगरावर अर्ध्या तासात टोपली भरायची, आता दोन दिवस फिरावं लागतं. जिथे कांगलां मिळायची तिथे काजूची लागवड झाली. आमच्याकडे 'जैवविविधता नोंदवही' हा सरकारी कागद आहे; इथे प्रत्येक घराच्या छताला ती वर्षातून एकदा टांगली जाते आणि एखादं फळ कमी पडलं की आजी विचारते, यंदा अमुक कुठे गेलं? त्या दिवशी त्याचं उत्तर बाजारात कोणाकडे नव्हतं. फळवाल्याने मला त्याऐवजी सफरचंद बांधा म्हणून सुचवलं.

जाणाऱ्यांसाठी: या दिवसांत मुंबईकडून गोव्याला यायचं आरक्षण साठ दिवस आधी पहिल्या काही मिनिटांत संपतं, परतीचं मात्र आरामात मिळतं, कारण सगळा लोंढा उलटा. पावसाळ्यात बांधावर चालायला बूट नकोत, अनवाणी किंवा रबरी सपाता. खाजनात जायचं तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघा आणि गावातल्या कोणाला तरी सोबत घ्या. मानस कोणाच्या तरी पावणीचं असतं, उगाच दाराला हात लावू नये.

आई तिथेच राहिल्या. निघताना मामींनी कोरगुटाचे दोन किलो तांदूळ दिले आणि आईंनी ब्लाउजमधल्या पाकिटातून कागदाची पुडी काढली. सात शिरांच्या भेंडीचं बी, म्हापशाच्या त्या भाजीवालीकडून मागून घेतलेलं. मला पत्ताच नव्हता.

गणपती गेल्यावर गच्चीवर आठ बिया लावल्या. पाच उगवल्या, दोन कबुतरांनी नेल्या. सुका पाला साठवायला चार घरांत मिळून अकरा रिकाम्या गोणी जमल्यात; पाचवं घर येतो म्हणालंय, पण खत उलटायच्या पाळीत त्यांचं नाव घालायचं नाही या अटीवर. रविवारी पहिली भेंडी काढली. आईंना व्हिडिओ कॉलवर दाखवली तर त्यांनी ती फिरवायला लावून शिरा मोजल्या. आठ निघाल्या. त्या म्हणाल्या, परत मोज.